आर्वोचं ‘नाही’

समुद्रापलीकडून येऊन ऑल्डर फोर्क गावात वसलेल्या हेइक्की कांतोलाची जमीन त्याच्या मागे मुलांनी भांडून वाटून घेतली, होडी भांडून विकली, आणि त्याचं बायबल कोणाकडे राहावं यावरून आर्वो आणि इम्पी ही दोघं भावंडं दोन हिवाळे एकमेकांशी बोलत नव्हती. मतदानाच्या दिवशीची सौना मात्र दोघांनीही बिनबोभाट चालू ठेवली. मत द्यायचं ते स्वच्छ होऊन, हा हेइक्कीचा नियम. चर्चमध्ये मळका सदरा देव चालवून घेतो, पण मतदानाच्या वहीवर सही करायची ती धुतलेल्या हाताने, असं तो म्हणायचा. त्यामुळे निवडणूक राष्ट्राध्यक्षाची असो नाहीतर चर खणणाऱ्या समितीची, त्या दिवशी आर्वोच्या परसातल्या सौनाघराची चूल दुपारीच पेटायची. सगळे कांतोला जमायचे, वाफेत बसून लालबुंद व्हायचे, धुतलेले कपडे घालून रस्त्यापलीकडच्या ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकरी संघाच्या सभागृहात, मत देऊन यायचे आणि मग कॉफी व्हायची. पन्नास वर्षांत आर्वो एकदाही चुकला नव्हता. मेल्विन जन्मला त्या दिवशीसुद्धा तो आधी मत देऊन आला होता, आणि त्याची बायको राउहा ते अजून ऐकवते.

म्हणूनच सत्त्याहत्तर सालच्या मार्चमधल्या त्या मंगळवारी सौनाघराच्या धुराड्यातून धूर निघाला तेव्हा अख्खं ऑल्डर फोर्क बुचकळ्यात पडलं. कारण गेले तीन आठवडे हाच आर्वो दारोदार फिरून लोकांना सांगत होता, की मंगळवारी कुणीही घराबाहेर पडायचं नाही.

मतदान शाळेच्या रोख्यांचं होतं. जुनी लाकडी शाळा पाडायची, रोखे काढून नवी बांधायची आणि घरपट्टीतून ते फेडायचे. आग लागली तर उतरायला एकच जिना, म्हणून सरकारी तपासनीसाने जुन्या इमारतीवर लाल कागद चिकटवला होता. नवी झाली नाही तर सप्टेंबरपासून हायस्कूल बंद, आणि मोठ्या मुलांना रोज बावीस मैल बसने किनाऱ्यावरच्या शहरात जावं लागणार. याआधी दोनदा मतदान झालं. दोन्ही वेळा दहातल्या सातांनी ‘हो’ म्हटलं आणि दोन्ही वेळा ते फुकट गेलं. रोख्यांना नुसतं ‘हो’ पुरत नाही. गेल्या नोव्हेंबरात जितके मतदार आले त्याच्या चाळीस टक्के तरी यावे लागतात, नाहीतर पेट्या उघडल्या काय अन् न उघडल्या काय, सारखंच. नोव्हेंबरात सहाशे पंधरा आले होते. म्हणजे आज दोनशे शेहेचाळीस हवे होते.

आर्वोने बरोबर इथेच बोट ठेवलं होतं. ‘नाही’ म्हणायला गेलात तर तुमचं डोकं त्या दोनशे शेहेचाळिसांत मोजलं जाईल, तो सांगायचा. घरी बसा. घरी बसणं हेच ‘नाही’.

“मग सौना कशाला तापवलीस?” चार वाजता दारातून आत शिरतानाच इम्पीने विचारलं. पासष्टाव्या वर्षीही तिचा आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा होता. बत्तीस वर्षं तिने त्याच शाळेत शिकवलं होतं.

“तापवायची नाही असं कुठे म्हणालो मी?” आर्वोने टेबलावरून मान वर केली नाही. तो चाकूने गोड पावाचे तुकडे करत होता, आणि नेहमीपेक्षा फारच सारखे करत होता. “आंघोळ करेन. मत देणार नाही.”

“म्हणजे मंगळवारची आंघोळ. खर्च पडला की रे लाकडाचा.”

“लाकूड माझं आहे.”

“तुझंच आहे सगळं. शाळासुद्धा.”

“माझी नाही. इसाची आहे.” वडिलांना ती दोघं अजून इसाच म्हणत. “त्याने बांधली. त्यातली तुळई न् तुळई त्याने तासली. छप्पर गळतं तर छप्पर बदला. कुणाचं डोकं दुखलं म्हणून त्याची मान उडवत नाहीत.”

इम्पीने ओला कोट खुंटीला टांगला आणि पिशवीतून नावांची यादी काढून त्याच्यासमोरच बसली. तिला भांडायचं नव्हतं. घरून निघताना तिने स्वतःला तसं बजावलं होतं. पण या घरात पाऊल टाकलं की तिचं वय कसं कोण जाणे अकरा होऊन जायचं आणि भावाच्या हातून काहीतरी हिसकावून घ्यावंसं वाटायचं.

खिडकीशी आर्वोचा मुलगा मेल्विन उभा होता. चाळिशीचा, लाकडाच्या गिरणीत करवतीवर काम करणारा. त्याने बापाला शब्द दिला होता की आज तो जाणार नाही. त्याची बायको डार्लीन चुलीशी माशाचं कालवण ढवळत होती, आणि डाव वाजवून वाजवून ढवळत होती. तिने गेले दहा दिवस इम्पीबरोबर बसून सगळ्या दरीला फोन केले होते. नवरा-बायकोत शनिवारपासून ‘मीठ दे’ आणि ‘दार लाव’ यापलीकडे बोलणं नव्हतं.

“आत्या, पेल्तोंच्या घरी परत फोन करू का?” तिने विचारलं.

“नको. वाइनो पेल्तो आर्वोचा माणूस आहे. पडद्याआडून बघत बसलाय.”

“बघू दे की,” आर्वो म्हणाला.

“सोर्वारी बंधूही बसलेत. तिघेही. एका ओळीत, तारेवर कावळे बसावेत तसे.”

“त्यांनी शब्द दिलाय.”

“आणि तू तो घेतलास. लोकांना मत देऊ नका म्हणून सांगत फिरलास. कांतोलाच्या मुलाने.”

आर्वोचा चाकू थांबला. मेल्विनने घसा खाकरला. पुढे काय होतं हे या घरातल्या सगळ्यांना माहीत होतं: कपबशी आपटली जाणार, दार आपटलं जाणार आणि ईस्टरपर्यंत अबोला. पण तेवढ्यात मागचं दार उघडून राउहा आत आली. ती हॉलमध्ये मतदारांच्या वहीवर बसली होती आणि दहा मिनिटांची कॉफीची सुट्टी घेऊन आली होती.

“मला काही विचारायचं नाही,” तिने कोट न काढताच बजावलं. “मी शपथेवर आहे.”

“किती झाले तेवढं तर सांगता येतं,” इम्पी म्हणाली. “आकडा कुणालाही सांगतात.”

राउहाने साखरेचा खडा दातांत धरला, बशीतून कॉफी ओढली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “दोनशे चौदा.”

आर्वोने पावाचं ताट बहिणीपुढे सरकवलं. हे त्याचं औदार्य होतं की चिडवणं, हे तिला कळलं नाही.

*

सहा वाजता आकडा दोनशे एकतीसवर आला. डार्लीन रस्त्यापलीकडे जाऊन विचारून आली तेव्हा तिचे केस पावसाने कपाळाला चिकटले होते. मेल्विन ओसरीवर जोडे चढवत होता.

“लाकडं आणतो,” तो म्हणाला.

“सौनाला आता लाकडं नकोत. तापलीय ती.”

“मग पाणी आणतो.”

डार्लीनने त्याच्याकडे बघितलं. अठरा वर्षांच्या संसारात हा माणूस तिच्याशी कधी धड खोटं बोलला नव्हता, त्याला ते जमायचंच नाही. ओक्लाहोमातून इथे आली तेव्हा ती या घराण्याला मुक्यांचं घराणं म्हणायची. मग हळूहळू तिला कळलं, की ही माणसं बोलतात, फक्त तोंडाने बोलत नाहीत. मेल्विनने धुतलेला निळा सदरा घातला होता. पाणी आणायला.

“बाबांना काय सांगशील?” तिने हळूच विचारलं.

“काही नाही. त्यांनी विचारायला हवं ना.” तो लेस बांधत राहिला. “आपली क्रिस्टीन बसने जायला लागली तर पहाटे साडेपाचला उठावं लागेल तिला. मी उठतो तेव्हा. करवतीवर जाणाऱ्याने उठायची वेळ आहे ती, पोरीने नाही.”

“मग ‘हो’ देणार?”

“ते तुला कशाला सांगू?” तो म्हणाला, आणि शनिवारनंतर पहिल्यांदा हसला.

तो मागच्या पायवाटेने गेला. गोठ्याच्या आडून हॉलच्या मागच्या दाराला निघणारी ती वाट रस्त्यावरून दिसत नाही. पण सौनाघराच्या छोट्या खिडकीतून मात्र स्पष्ट दिसते, आणि आर्वो त्या वेळी तिथेच कपडे काढत होता.

*

वरच्या फळीवर आर्वो एकटा बसला. एरवी शेजारी मेल्विन असायचा, त्याआधी इसा असायचा. त्याने दगडांवर एक पळी पाणी टाकलं. वाफ अंगावर आली आणि त्याने डोळे मिटले.

पोराचा राग त्याला आला नाही, याचंच त्याला नवल वाटत होतं. उलट गोठ्याआडून वाकून जाणारा निळा सदरा बघून त्याला हसू आलं होतं. चाळीस वर्षांचा बाप्या, बापाला चुकवून मत द्यायला जातोय. आणि मग हसू विरलं आणि त्याला फार एकटं वाटलं.

बाहेरच्या खोलीत कोणीतरी बाक सरकवून बसलं. फळ्यांच्या दाराला खालून चार बोटांची फट होती आणि तिच्यातून त्याला काळ्या, गुंडाळलेल्या मोज्यांतले पाय दिसले.

“इम्पी, मी उघडा आहे.”

“मी काही आत येत नाहीये. तुला लहानपणी मी रोज बघितलंय, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.”

“मग बोल काय ते. गरम आहे इथे.”

“अडतीस झाले. दोनशे अडतीस. सात वाजले, आठला दार बंद. माझी यादी संपली, आर्वो. एकूण एक घर झालं. हेल्मी निस्कालाला खुर्चीसकट उचलून आणलं.”

त्याने पाण्याची पळी पुन्हा उचलली आणि टाकली नाही.

“दोन दिवस तुझ्याशी भांडले, आता भांडत नाही,” ती म्हणाली. “तुझं ‘हो’ नकोच आहे मला. तुझं ‘नाही’ दे.”

“काय?”

“जाऊन ‘नाही’ म्हण. ठणकावून म्हण. मला चालेल.”

“तुला चालणारच. मी ‘नाही’ दिलं की तुझं काम होतं, आणि घरी बसलो की माझं होतं. हे कसलं मत? उलट्या घातलेल्या बंडीसारखं.”

“नियम मी नाही केला.”

“मग मी जाऊन माझ्याच हाताने इसाची शाळा पाडू?”

दाराबाहेरून ती बोलली तेव्हा तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा नव्हता.

“तुला वाटतं मला बरं वाटतंय? शाळेच्या त्या तेल दिलेल्या लाकडी जमिनीचा वास अजून माझ्या कपड्यांना आहे. पहिल्या दिवशी तू मला पाठुंगळीला घेऊन नेलं होतंस, ओढ्याला पाणी आलं होतं म्हणून. मी रडत होते आणि तू मला सांगत होतास की मास्तरीणबाई मुलांना खात नाहीत, फक्त चावतात. सगळं तिथेच आहे रे माझं. पण क्रिस्टीनच्या वर्गात एकवीस मुलं आहेत आणि खाली उतरायला एकच जिना. मी बत्तीस वर्षं रोज सकाळी वास घेत आत जायचे, धुराचा येतो का बघायला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.”

काळे मोजे थोडा वेळ तसेच राहिले, मग बाक सरकला, दार वाजलं. ती गेली.

त्याला इसा आठवला. सव्वीस साली इसाला नागरिकत्वाचे कागद मिळाले. कोर्टात न्यायाधीश काय विचारेल ते सगळं त्याने आठ महिने गाई पिळताना घोकलं होतं, गाईंनासुद्धा पाठ झालं असेल. त्यानंतरचं पहिलंच मतदान ओढ्याच्या चरांच्या समितीचं होतं. उमेदवार एक, जागा एक. तेव्हा हॉल इथे नव्हता, सहा मैल चालत जावं लागायचं, आणि पाऊस असा की पुढचं दिसेना. सतरा वर्षांचा आर्वो बरोबर होता आणि वैतागला होता. लाकूडतोड्यांच्या छावणीवरून एक दिवसाच्या सुट्टीवर आलेला. आठवी होऊन चौदाव्या वर्षापासून तो तिथे होता, इसाचा पाय ओंडक्याखाली सापडला तेव्हापासून. एकच माणूस उभा आहे, तो निवडून येणारच, मग कशाला जायचं, असं त्याने विचारलं होतं.

इसा लंगडत चालत होता. थांबला नाही. “त्याला निवडायला नाही जात,” तो म्हणाला होता. “मी मोजला जायला जातोय.” तिकडे, जुन्या देशात, झारच्या माणसांनी त्याला फक्त सैन्यभरतीसाठी मोजलं होतं.

पन्नास वर्षं ते वाक्य आर्वोच्या पोटात होतं. आणि गेले तीन आठवडे तो दारोदार जाऊन माणसांना सांगत होता, की मोजले जाऊ नका.

त्याने उरलेलं सगळं पाणी दगडांवर ओतलं आणि उठला.

*

साडेसात होऊन गेल्यावर डार्लीनने खिडकीतून पाहिलं आणि इम्पीच्या दंडाला हात लावला. अंगणातून आर्वो येत होता. ओले केस चापून बसवलेले, अंगात चर्चचा काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा सदरा. चेहरा उकडलेल्या बिटासारखा. तो स्वयंपाकघरात आला नाही, मागच्या पायवाटेकडेही वळला नाही. फाटक उघडून सरळ रस्त्यावर आला आणि रस्त्याच्या मधोमध, दिव्याखालून, सावकाश हॉलकडे चालू लागला.

“मोटार येईल ना एखादी,” डार्लीन म्हणाली. “कडेने का चालत नाहीत?”

इम्पी तोवर कोट घेऊन बाहेर पडली होती.

पडद्याआडून वाइनो पेल्तोने त्याला पाहिलं. वाइनो मग शपथेवर सांगायचा, की त्याच्या मनात काहीही शंका आली नाही. आर्वो कांतोला आंघोळ करून, काळा कोट घालून निघाला, म्हणजे बेत बदलला. ऐनवेळी काहीतरी कळलं असणार, आता ‘नाही’वाल्यांनी जायचं ठरलं असणार, आणि आपल्याला सांगायचं राहून गेलं. त्याने सोर्वारींना फोन केला. थोरल्या सोर्वारीने विचारलं, “आर्वो स्वतः गेला? कोटात?” आणि उत्तर ऐकायला थांबलाच नाही.

इम्पी फाटकापाशी पोचली तेव्हा दारं उघडायला लागली होती. आधी वाइनो आणि त्याची बायको, एका छत्रीत. मग तिघे सोर्वारी, टोप्या सरळ करत. मग कोपऱ्यावरचा लांपी, ज्याने दोन महिने इम्पीला ओळख दिली नव्हती, जेवणाचा रुमाल गळ्यात तसाच घेऊन. मग आणखी कोण कोण. सगळे घाईत, सगळे चिडलेले, सगळे ‘नाही’ म्हणायला निघालेले. तिच्या आयुष्यात इतकी ‘नाही’ एका रांगेत तिने पाहिली नव्हती, आणि एकेकाला मिठी मारावीशी वाटत होती. तिने हात कोटाच्या खिशात घालून ठेवले.

आत जायची तिची छाती झाली नाही. हॉलच्या पायऱ्यांवर वळचणीखाली ती उभी राहिली. आत राउहा एकेकाला नाव विचारत होती, जन्मभराच्या शेजाऱ्यांनासुद्धा, कारण तसा नियम आहे. आर्वोलाही तिने तसंच विचारलं.

“नाव?”

“बेचाळीस वर्षं झाली लग्नाला.”

“नाव सांगा.”

“कांतोला, आर्वो हेइक्की.”

आठ वाजले. राउहाने दार लावायच्या आधी डोकं बाहेर काढलं, नणंदेकडे बघितलं आणि शपथेला धरून फक्त आकडा सांगितला. “दोनशे त्रेपन्न.” मग दार लागलं आणि आतून कडी पडली. ‘हो’ किती निघणार याची कुणालाच काळजी नव्हती, ते दोन्ही वेळा दिसलेलं होतं. वाइनो पेल्तो अजून पायऱ्यांवर घुटमळत होता. त्याने बोटांवर दोनशे शेहेचाळीसशी आकडा जुळवला, पुन्हा जुळवला, आणि बायकोला म्हणाला, “चल. घरी चल. काही विचारू नकोस.”

आर्वो वळचणीखाली येऊन बहिणीशेजारी उभा राहिला. त्याच्या कोटाला अजून धुराचा वास होता.

“‘नाही’ दिलंय,” तो म्हणाला.

“माहीत आहे.”

“सोर्वारी वेडे आहेत. तिघेही.”

“तू मागच्या वाटेने गेला असतास तर कुणाला कळलं नसतं.”

“इसा रस्त्याने जायचा,” आर्वो म्हणाला. पाऊस पडत होता. समोरच्या चढावर शाळेची इमारत अंधारात काळी दिसत होती, वर खिडक्यांची एक ओळ, खाली एक ओळ. दोघंही तिकडेच बघत होती.

“पाडणार कधी?”

“जूनमध्ये. मुलांना सुट्टी लागली की.”

“त्याआधी मला एकदा वर घेऊन चल.”

“वर कुठे?”

“वरच्या मजल्यावर. हायस्कूलच्या वर्गात.”

इम्पीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. खालच्या मजल्यावर आठवीपर्यंतचे वर्ग, वर हायस्कूल. ती चार वर्षं वर शिकली, बत्तीस वर्षं वर शिकवत राहिली. मेल्विनच्या पालकसभांना राउहा यायची. छप्पर शाकारायला आर्वो बाहेरून शिडी लावून चढायचा. दर नाताळात ती त्याला बोलवायची आणि दर नाताळात त्याला काहीतरी काम निघायचं. तिला वाटायचं, भावाला आपलं शिकवणं फारसं मानवत नाही.

“तू कधीच वर गेला नाहीस?”

“वर जायचं ते शिकायला,” तो म्हणाला. “नुसतं बघायला काय जायचं.”

तिने चष्मा काढून पुसला. पावसाचं पाणी पुसल्यासारखा. मग त्याच्या बाहीला धरलं, ओढ्यात घसरू नये म्हणून धरायची तसं घट्ट.

“उद्या सकाळी ये,” ती म्हणाली. “आठला.”

“उद्या शाळा आहे. मुलं असतील.”

“असू देत. मी सांगते बाईंना. मागच्या बाकावर बस.”